राणीच्या महालाला आमच्या न्हाणीघराचं दार

तुमच्या रेडिओनं माझ्या न्हाणीघराचं दार मला न विचारता नेलं आणि एका राणीच्या महालाला बसवलं, ही तक्रार आधी वाच. आशीर्वाद कुठे पळून जात नाहीत. दार जागच्या जागी आहे, आत्ताच जाऊन हात लावून आले. पण त्याचा आवाज रविवारी सकाळी देशभर गेला. ढकललं की आधी खालून कुंईं करतं, मग अर्ध्यात अडून ढेकर देतं, असं दार दुनियेत एकच आहे. त्यातून म्हणे ती राणी झगा सावरत दरबारात आली, सगळे सरदार कमरेत वाकले, आणि इकडे माझ्या डोळ्यांपुढे माझी बादली आणि वाळत घातलेलं फडकं. अशानं त्या राणीचा काय मान राहिला, तूच सांग.

असो. चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद. लागतील तेवढे घे, उरतील ते तुझ्या साहेबाला दे, त्याला गरज दिसते. तुझं पोट, तुझा घसा आणि तुझ्या खोलीतल्या भिंतीची ओल, तिघांची खुशाली कळव. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते मलाही ऐकू येतात आणि इतरांनाही, त्यामुळे त्यावरून अजून कुणी भांडलेलं नाही. माझी शाळा बाराखडी संपायच्या आतच सुटली, हे तुला ठाऊक आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नकोस, मतलब शोध. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं "हो आजी, हो आजी" करतेस आणि तुझ्या पाठीमागून घोडे धावतात. (परवा घोडे संपल्यावर एक बाई विहिरीत पडली. मी घाबरून फोन ठेवला आणि तू परत करायची तसदी घेतली नाहीस.)

मतलब असा की, तुझा मामा माझं घर बंद करायला निघालाय. येत्या रविवारी तो गाडी घेऊन येणार, माझी ट्रंक त्यात चढणार आणि मागोमाग मी. मग त्याच्या त्या उंच इमारतीत खिडकीशी खुर्ची टाकून मला बसवणार, म्हणजे खाली काय चाललंय ते दिसेल पण कुणाला काही बोलता येणार नाही. कारण विचारशील तर, आईला नसलेले आवाज ऐकू येतात. आता आवाज नव्हते, की तुम्ही लोकांनी घातले होते, हे सांगणारं या कुटुंबात एकच माणूस आहे आणि ते माणूस घोडे पळवण्यात गुंतलंय. मामा म्हणाला, "आई, भिंगरीकडून लेखी आण, मी ट्रंकेला हात लावणार नाही." त्याला वाटलं, म्हातारी कुठे आता कागदाच्या मागे लागतेय. तर मी लागलेय. कुठला आवाज कुठल्या कार्यक्रमात गेला ते सगळं खाली सांगते, म्हणजे तुला प्रत्येकाला 'हा माझा, हाही माझा' म्हणता येईल. तुझ्या आईला यात घेऊ नकोस. ती रडते आणि मुद्दा बाजूला राहतो.

ह्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात तू इथे राहायला आलीस ते आठव. गळ्यात पेटी, कानांवर ती झाकणं, हातात मेलेल्या मांजरासारखा केसाळ दांडा. झाडू मार म्हणालीस, मी मारला. भांडं आपट म्हणालीस, ते तर मी न सांगताही करते. ह्यांना म्हणालीस, "आजोबा, जिना चढा." अगं, तुझे आजोबा जन्मभर पाण्याच्या खात्यात मोठ्या चाव्या फिरवत राहिले, सगळ्या गावाला पाणी सोडलं, पण ह्यांचा आवाज कुणी मुद्दाम ऐकावा असं कधी घडलं नव्हतं. (मी तर ऐकतच नव्हते.) त्यांना काय हुरूप आला! वर आले, खाली गेले, पुन्हा वर आले. उजवा पाय टाकायचा, डावा ओढायचा, वळणावर थांबायचं, बोटाच्या पेरानं पाइपाला ठोकून आत पाणी आहे का बघायचं, घसा खाकरायचा आणि मग पुढे. मी तुला विचारलं होतं, "हे कशाला गं?" तर तू म्हणालीस, "आवाजांच्या कपाटात ठेवायला, आजी. नाटकात कुणाला जिना लागला की जिना काढून द्यायचा, दार लागलं की दार." मला तेव्हा वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. आता तेच वाक्य माझ्याबद्दल म्हणतात, त्यामुळे मी माझे शब्द मागे घेते.

तुझे आजोबा गेले तेव्हापासून रविवारी मी रेडिओ दिवसभर लावून ठेवते. बाकीचे दिवस बोलायला खालची शिंपीण असते, रविवारी ती दुकान बंद करून झोपते. आणि तुमच्या केंद्रावर गाणी नाहीत, नुसती बडबड, हे मला पसंत आहे. गाणाऱ्या माणसाला मधेच तोडता येत नाही, बोलणाऱ्याला येतं.

तर रविवार उजाडला. सगळ्यात आधी तो समुद्राचं हवामान सांगणारा. आपल्याला समुद्राशी काय देणंघेणं, पण तो कुठल्या खाडीत कुठलं वारं ते अशा आवाजात वाचतो की जसा घरोघरी जाऊन विचारपूस करतोय. त्यानंतर ते विचारवंत आले, शांततेवर बोलायला. (शांततेवर इतकं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.) ते बोलत होते आणि त्यांच्या पाठीमागे नळ गळत होता. एक थेंब, थोडं थांबून दोन एकदम, परत एक. माझ्या स्वयंपाकघरातला नळ असाच गळतो. मी उठले, नळ आवळला. तो आधीच आवळलेला होता, खाली भांडं कोरडं ठणठणीत. तरी आणखी पीळ दिला. तशी रेडिओतली टपटप थांबली. विचारवंत म्हणाले, "आता ऐका," आणि गप्प बसले. मी पण ऐकलं. काही नव्हतं. मला ते आवडलं नाही, मी मुद्दाम पातेलं आपटलं.

मग तो बागवाला. लोक त्याला गुलाबावरच्या काळ्या ठिपक्यांबद्दल विचारतात आणि तो सगळ्यांना एकच सांगतो, पाणी कमी घाला. त्यानं स्वतः पाणी घातलं ते माझ्या बादलीनं, कडीची कर्रर्र मी ओळखते. मग त्या राणीचं दार, ज्याबद्दल वर लिहिलंय आणि अजून माझा राग गेलेला नाही. मग ती कुटुंबाची मालिका, आठवडाभराची एकदम. त्यातली सून सासूवर चिडून झाकणं आदळते, ती झाकणं माझी. (सुनेनं सासूच्याच झाकणांनी सासूवर राग काढावा! मामीला ही युक्ती कळवू नकोस.) मग एक गृहस्थ वाळवंटातून चालत गेले, वाळू त्यांच्या पायाखाली खस्स खस्स वाजत होती. ती वाळू म्हणजे माझा झाडू आणि ओसरीची फरशी. बिचारे तहानेनं मरायला टेकले आणि मी मनात म्हणते, अहो, दोन पावलांवर आमचं स्वयंपाकघर आहे.

इथपर्यंत मी चिडत होते आणि थोडी मजाही येत होती, खोटं कशाला सांगू. भिंतीला कान असतात म्हणतात, आपल्या भिंतींना तोंडही फुटलं आणि त्या सरकारी नोकरीला लागल्या, असं मी मनाशी म्हटलं. पण मग मुलांची गोष्ट लागली. एक लांडगा पोटभर खाऊन झाडाखाली झोपला आणि घोरायला लागला. मी शेंगा सोलत होते, हात तिथेच थांबले. श्वास आत घेताना करवत आणि सोडताना शेवटी बारीक शिट्टी, हे घोरणं मी जन्मभर ऐकलंय. त्याच्याशी भांडलेय, त्याच्यावर उशी मारलीय. तू हे कधी भरून घेतलंस, मला सांगितलंही नाहीस. नेहमीच्या सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "अहो, कुशीवर व्हा." आणि भिंगरी, लांडगा कुशीवर झाला. अंथरूण सरकल्याचा आवाज आला, एक मोठा उसासा आला, घोरणं थांबलं. गोष्ट सांगणारी बाई पण थांबली. मग जरा वेळानं, जशी काय वाचायची ओळच हरवली होती, "आणि मग..." म्हणत पुढे सुरू झाली. झाडाखाली अंथरूण कुठून आलं, हे कुणा मुलानं विचारलं नसेल. मी विचारतेय.

तेवढ्यात मामा-मामी आले. येताना फळं घेऊन आले, म्हणजे काहीतरी नको ते बोलायचं होतं. मी चहा ठेवला. दुपारचं नाटक सुरू झालं होतं. लढाईवर गेलेला कुणी माणूस, सगळ्यांनी मेला म्हणून सोडून दिलेला, आणि त्याची बायको कधी दुसरा नवरा करते याची सगळा गाव वाट बघतोय. मामा बाहेरच्या खोलीत फळं कापत होता, मामी माझ्या पडद्यांची लांबी डोळ्यांनी मोजत होती. (त्यांच्या खिडकीला बसतील का ते बघत असावी, मला तेव्हा कळलं नाही.) मी आत कप मांडतेय आणि नाटकातला जिना वाजला. उजवा पाय पडला. डावा ओढला. उजवा. डावा. वळणावर थांबले. पाइपाला ठोकलं. घसा खाकरला.

मी आतून ओरडले, "पाय पुसून या! आणि तो पाइप किती बडवाल, पाणी आहे!"

आणि ह्यांचाही कप भरला. हे मी लपवत नाही, कारण मामीनं ते बघितलंय आणि ती काही लपवणाऱ्यातली नाही. ती दाराशी येऊन उभी.

मामा बाहेरून म्हणाला, "आई, कोण आलंय?"

"तुझे वडील," मी म्हटलं. दूधवाला आलाय म्हणावं तसं म्हटलं. तिथेच माझा घात झाला.

मामा हातात सुरी तशीच घेऊन आत आला. "आई, नाटक आहे ते."

"नाटकच आहे. पाय त्यांचे आहेत."

"अगं, तो सैनिक आहे. लढाईवरून आलाय."

"मग सैनिक डावा पाय का ओढतो?"

"गोळी लागली असेल."

"गोळी नाही लागली, पाइप पडला होता. तुझ्या वाढदिवसाला पडला होता आणि तू जत्रेला न्या म्हणून बोंबलत होतास. जन्मदात्याचं पाऊल ओळखत नाहीस आणि मला शिकवतोस!"

मामी म्हणाली, "आई, तुम्ही बसा बघू जरा."

"मी बसलेच आहे. उभी तू आहेस."

मामा हळू आवाजात बोलायला लागला. पुरुष हळू बोलायला लागला की समजावं, ठरवून आलाय. म्हणाला, एकटीनं राहून असं होतं. म्हणाला, डॉक्टरना दाखवू. म्हणाला, आमच्याकडे तुझी खोली तयार आहे. मी म्हटलं, माझी खोली इथेही तयार आहे, कधीपासून तीत राहतेय मी. मग मी साक्षीदार काढला. जिन्यातून शिंपिणीला हाक मारली. रविवारची झोप मोडल्यामुळे ती तणतणतच वर आली. माझा हिशेब असा की, तिचा रेडिओ खाली चालू असतो, तिनंही हेच नाटक ऐकलं असेल, आणि ह्यांचं पाऊल तिला पाठ आहे. तिच्या डोक्यावरून इतकी वर्षं गेलंय ते.

मामानं विचारलं, "मावशी, मघाशी तुम्हाला काय ऐकू आलं?"

"पाऊल," ती म्हणाली. मी मामाकडे असं बघितलं की, आता बोल. तर ही बया पुढे म्हणते, "जिन्यावर. मी म्हटलं कोण, म्हणून दार उघडून बघितलं. कुणी नव्हतं. पाइप तेवढा वाजत होता, मग मी लावून घेतलं."

"रेडिओवर नाही ऐकलंत?"

"माझा रेडिओ कुठे चालतोय? दुरुस्तीला दिलाय."

बघितलंस? साक्षीदार असा भेटला की आरोपीला फाशीच. मी म्हणत होते रेडिओत वाजलं, ही म्हणते जिन्यात वाजलं. मामानं मामीकडे बघितलं, मामीनं छताकडे. आता त्यांच्या हिशेबी या इमारतीत एक नाही, दोन म्हाताऱ्या कामातून गेलेल्या आहेत, पण शिंपिणीला न्यायला कुणी मुलगा नसल्यामुळे ती सुटली. जाताना ती माझ्या कानात म्हणाली, "मी बरोबर सांगितलं ना?" मी तिला फळातलं एक फळही दिलं नाही.

सोमवारी डॉक्टर आला. तरुण आहे, हात गार आहेत. त्यानं माझ्या कानाशी लोखंडी चिमटा वाजवला आणि म्हणाला, "आजी, थांबला की सांगा." थांबला, मी सांगितलं. दुसऱ्या कानाशी वाजवला, तेही सांगितलं. म्हणाला, "कान उत्तम आहेत." मी मामाला म्हटलं, घे. तर म्हणतो कसा, "तीच काळजी आहे." अगं, सगळी म्हातारी माणसं ऐकू येत नाही म्हणून डॉक्टरकडे जातात, मला ऐकू येतं म्हणून औषध! मग विचारतो, "आवाज कुठून येतात?" म्हटलं, रेडिओतून. "रेडिओ बंद असताना?" म्हटलं, बंद असताना कशाला येतील, ते काय फुकट काम करतात? तो हसला नाही. मामाच्या कानाला लागला, मी ऐकलंच, कान उत्तम आहेत ना! म्हणाला, "यांना एकटं ठेवू नका." त्या क्षणी ठरलं सगळं. मामीनं जाताना पडद्यांना दोरीनं माप लावलं, ह्या वेळी उघड.

तर भिंगरी, तू असं लिही. नळ माझा, बादली माझी, दार माझं, झाकणं, झाडू, घोरणं, जिना, पाइप आणि खाकरणं, हे सगळं मी माझ्या आजीच्या घरी भरून घेतलं आणि रविवारी वेगवेगळ्या कार्यक्रमांना दिलं. माझी आजी शहाणी आहे, उलट ज्यांना आपल्या बापाचं पाऊल ओळखू येत नाही त्यांना डॉक्टरकडे न्यावं. (हे शेवटचं वाक्य गाळू नकोस.) नळ आवळल्यावर थांबला आणि लांडगा कुशीवर झाला, ते लिहायची गरज नाही. योगायोग म्हणून एक चीज असते, ती अशा वेळी कामाला येते. केंद्राचा शिक्का मिळाला तर उठव. मामाचा शिक्क्यावर आईपेक्षा जास्त भरवसा आहे.

आणि तुझ्या साहेबाला सांग, ह्यांचे सगळे आवाज कपाटातून काढून टाका. मेलेल्या माणसाला असं दर रविवारी कामाला जुंपणं बरं नाही. ह्यांनी सुट्टीच्या दिवशी कधी काम केलं नाही, मी सांगूनसुद्धा. लिहिण्यासारखं आणखी काही नाही. प्रकृतीला जप, ओल असलेल्या भिंतीकडे डोकं करून झोपू नकोस.

तुझी, कान उत्तम असलेली,
आजी

ता. क. आवाज काढून टाकण्याबद्दल वर लिहिलंय, त्याची घाई नाही. साहेब कामात असेल. लांडगा तर राहू दे, मुलांची गोष्ट आहे, मुलांचा विरस नको.

ता. क. जिनाही राहू दे. फक्त नाटकात तो कुणा बऱ्या माणसाला दे. रविवारच्या त्या सैनिकाची बायको शेवटी दार उघडतच नाही. नाटक लिहिणाऱ्याला अक्कल नाही. एवढा जिना चढून आलेल्या माणसाला निदान आत तरी घ्यावं.

ता. क. आता खरं काम. हे मामाला सांगितलेलं नाही, डॉक्टरला नाही, शिंपिणीला तर नाहीच, नाहीतर उद्या गावभर होईल. ह्यांच्या मागे मी सुताराकडून बाहेरच्या दाराला आतून नवी कडी बसवून घेतली. जाडजूड लोखंडी आहे. सरकवताना दोनदा अडखळते, मग थोडी उचलावी लागते आणि शेवटी पितळी चकतीवर पडून घंटीसारखी वाजते. तू ती पाहिलेली नाहीस. ह्यांना पोहोचवून तू गेलीस ती अजून आलेली नाहीस (हा टोमणा नाही, नुसतं सांगतेय). म्हणजे ती कडी तुझ्या कपाटात असायचं कारण नाही.

रविवारी मामा-मामी गेले, मी ती कडी लावली. मामा नेहमी चष्मा विसरून परत येतो आणि मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून नीट आठवतंय, लावली. दिवे लागायची वेळ होती. रेडिओवर एक बाई पुस्तक वाचून दाखवत होती, कुणाच्या तरी आठवणी, त्यात जिना नाही, पाऊल नाही, काही नाही. आणि त्या वाचनाच्या मागे परत चढायला लागले. उजवा, डावा. पाइप. खाकरणं. ह्या वेळी मी तोंड मिटून बसले, एकदा बोलून घर घालवायची वेळ आली होती. पाऊल दारापर्यंत आलं. मग रेडिओत कडी सरकली. दोनदा अडखळली, उचलली गेली, घंटी वाजली. मी मान वळवून आमच्या दाराकडे बघितलं. कडी उघडी होती. मला आधी वाटलं, वारा. पण वाऱ्याला कडी उचलता येत नाही, समुद्राच्या हवामानात सुद्धा नाही.

मी घाबरले नाही. घाबरायला ते काय परके आहेत? दार लोटलेलंच होतं, कुणी आत आलेलं दिसलं नाही. मी म्हटलं, "आता आलाच आहात तर मागे दार नीट ओढा, गार वारं येतं." एवढंच बोलले आणि ती बाई काय वाचतेय ते ऐकत बसले. तेव्हापासून मी कडी लावत नाही.

तेव्हा तू कडीचाही आवाज तुझाच म्हणून लिही. खरा असो नसो, लिही. मामाच्या इमारतीत खाली रखवालदार बसतो, नाव काय, कुणाकडे जायचंय, विचारल्याशिवाय कुणाला वर सोडत नाही. ह्यांनी जन्मात रखवालदाराला नाव सांगितलेलं नाही, भांडण तेवढं केलंय. आणि त्याला चुकवून आले, तरी तिथे जिना कुणी चढतच नाही, लिफ्ट आहे. लिफ्टमधून माणूस आलं तर पाऊल वाजत नाही. मग आले की नाही, मला कळायचं कसं?

उत्तर तूच लिहायचं, मामाच्या नावानं, रविवारच्या आत, आणि टपालानंच पाठवायचं. रेडिओवरून कळवू नकोस. तिथून दुसरंच कुणी उत्तर द्यायला लागलं, तर त्यांना म्हणावं, हे लिहायचं काम भिंगरीचं आहे, तुम्ही मधे बोलू नका.